नाडीपासून पाऱ्यापर्यंत : रक्तदाबमापक यंत्राचा इतिहास

शरीराच्या बहुतेक व्याधी आपली वर्दी आपणच देतात. ताप आला की अंग तापते, हाड मोडले की ठणका लागतो, पोट बिघडले की साऱ्या घरास कळते. रक्तदाबाचे तसे नाही. तो वाढला तरी बहुधा दुखत नाही, खुपत नाही. मनुष्य कामावर जातो, लोकलगाडीत उभा राहतो, लग्नाच्या पंगतीत वाढतो, आणि एके दिवशी अकस्मात अर्धे अंग लुळे पडून कोसळतो. नेरूळ, शिरवणे, सारसोळे, कुकशेत, दारावे, करावे ह्या आपल्या गावांतील वडीलधाऱ्यांस विचारावे. 'वारे गेले', 'झटका आला' एवढ्या दोन शब्दांत ज्यांची हकीकत संपते, अशी माणसे प्रत्येक घराण्यात निघतील. त्यांतील कितीकांच्या दंडाला उभ्या आयुष्यात एकदा तरी पट्टा बांधला गेला असेल? ह्या मुक्या व्याधीचा साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे डॉक्टरांच्या टेबलावरील रक्तदाबमापक यंत्र. ह्या साक्षीदाराचा जन्म कसा झाला, त्याची साक्ष ग्राह्य कशी ठरली आणि ती कोठे फसते, हे ज्ञातिबंधू-भगिनींपुढे मांडावे असे आम्हांस वाटले.

प्रथम एका शब्दप्रयोगाविषयी. 'अमक्याला बीपी आहे' असे आपण सहज बोलतो. जणू इतरांच्या अंगी तो दाब नसतोच! वास्तविक हृदय रक्त पुढे लोटते आणि ते रक्त वाहताना धमनीच्या भिंतीवर जो रेटा देते, तो रक्तदाब होय, आणि तो प्रत्येक जिवंत माणसास असतो. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा तो वरचा दाब, हृदय सैल पडते तेव्हाचा तो खालचा. १२० वर ८० असे डॉक्टर सांगतात, ते मिलिमीटर असतात, आणि तेही पाऱ्याच्या उंचीचे. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड आहे. हाच १२०चा दाब पाण्याने मोजू म्हटले तर सव्वापाच फुटांहून उंच नळी लागेल. डॉक्टरांच्या टेबलावर एवढी नळी मावणार नाही, हे एक कारण पाऱ्याच्या निवडीमागे आहे.

आपल्या देशात नाडीपरीक्षेची परंपरा जुनी आहे. 'शार्ङ्गधरसंहिता' ह्या मध्ययुगीन ग्रंथात वाताची नाडी सर्पाच्या व जळूच्या गतीने, पित्ताची बेडकाच्या व कावळ्याच्या गतीने, कफाची हंसाच्या व कबुतराच्या गतीने चालते, असे वर्णन आले आहे. आजच्या काही मंडळींस ह्याचे हसू येते. आम्हांस येत नाही. ज्याच्यापाशी तीन बोटांवाचून दुसरे साधन नव्हते, त्याने गतीचे एवढे बारकाईने निरीक्षण करावे हे थोडे नव्हे. मात्र बोटाला नाडीची चाल कळते, तिचा जोर अंदाजाने कळतो, पण त्या जोरास आकडा देता येत नाही. एका वैद्याचे 'बळकट' आणि दुसऱ्याचे 'बळकट' ह्यांची तुलना करणार कशी? आणि ह्याच वैद्याने सहा महिन्यांपूर्वी लावलेल्या बोटाशी आजचे बोट ताडून कसे पाहणार? यंत्राची गरज नेमकी येथे उत्पन्न झाली.

रक्त शरीरात फेऱ्या घेते हे विल्यम हार्वे ह्याने १६२८ साली सिद्ध केले. त्यानंतर शंभर वर्षांनी त्या फिरणाऱ्या रक्ताचा रेटा किती, हा प्रश्न स्टीफन हेल्स नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाच्या मनात आला. त्याने घोडीला आडवी बांधून तिच्या धमनीत पितळी नळी घातली आणि तिला काचेची लांब नळी जोडली. रक्त त्या नळीत ८ फूट ३ इंच उंच चढले. हा प्रयोग त्याने १७३३ साली प्रसिद्ध केला. रक्तदाब मोजण्याचा हा पहिला प्रयत्न होय. परंतु तो मोजून घेणाऱ्या जनावराच्या जिवावर बेतणारा होता. पुढे १८२८ साली प्वासय ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने उंच नळीऐवजी वाकड्या नळीत पारा भरून हेच काम हातभर जागेत आणले. १८४७ साली जर्मनीत कार्ल लुडविग ह्याने पाऱ्यावर तरंगता काटा ठेवून फिरत्या कागदावर दाबाची रेघ उमटविली. १८५६ साली फेव्र ह्या फ्रेंच डॉक्टराने अवयव कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी उघड्या पडलेल्या धमनीस नळी जोडून माणसाचा दाब प्रत्यक्ष मोजला. तो १२०च्या आसपास भरला. आकडा बरोबर मिळाला, पण त्यासाठी धमनी फोडावी लागली. निरोगी माणूस ह्यास कोठून तयार होणार?

खरी युक्ती दुसरीच होती आणि ती सुचली कार्ल फॉन फीरोर्ट ह्यास, १८५५ साली. धमनी फोडण्याचे कारणच काय? बाहेरून दाबत जावे. ज्या क्षणी नाडी बंद पडेल, त्या क्षणी बाहेरचा दाब आतल्या दाबाएवढा झाला असे समजावे. पाटाचे पाणी रबरी नळीतून जात असेल तर नळी पायाखाली दाबून धार थांबविण्यास किती जोर लागला, ह्यावरून धारेचा जोर कळतो, तसेच हे. फीरोर्टचे यंत्र अवजड आणि बेभरवशाचे निघाले. तथापि आजवरची सगळी रक्तदाबमापके त्या एका कल्पनेवर उभी आहेत.

ह्या मधल्या काळात एका अशा माणसाचे नाव येते की, भारतीय वाचकाने तेथे क्षणभर थांबावे. लंडनच्या गाइज हॉस्पिटलात फ्रेडरिक अकबर महमद नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याचे आजोबा शेख दीन महमद हे पाटण्याकडचे. इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध करणारे पहिले भारतीय म्हणून त्यांची ख्याती आहे, आणि लंडनमधील पहिले हिंदी खाणावळगृह १८१० साली त्यांनीच काढले. नातवाने मारे ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नाडीलेखक यंत्रात सुधारणा करून नाडीवर किती दाब दिला हे मोजण्याची सोय केली. मग वरवर धडधाकट दिसणाऱ्या, मूत्रपिंडाचा कोणताही विकार न आढळणाऱ्या माणसांतही दाब वाढलेला असू शकतो, हे त्याने दाखवून दिले. आपण ज्यास आज उच्च रक्तदाब म्हणतो, तो स्वतंत्र विकार म्हणून ओळखणाऱ्या पहिल्या माणसांत त्याची गणना होते. १८८४ साली विषमज्वराने तो वारला, तेव्हा त्याचे वय अवघे पस्तीस होते. त्याच्या हाती चांगले यंत्र असते तर त्याने काय केले असते, हा विचार आमच्या मनात वारंवार येतो.

चांगले यंत्र यावयास आणखी बारा वर्षे लागली. १८८१ साली व्हिएन्नाच्या फॉन बाश ह्याने मनगटावर पाण्याने भरलेला रबरी फुगा दाबून पाऱ्याची उंची वाचण्याचे साधन केले होते. १८९६ साली इटलीतील तुरीन शहरी शिपिओने रीव्हा-रोच्ची ह्या डॉक्टराने मनगट सोडून दंड धरला. दंडाभोवती रबरी पिशवी गुंडाळावयाची, हवा भरून ती फुगवावयाची, मनगटाची नाडी बोटाखालून नाहीशी झाली की पारा कोठवर चढला ते पाहावयाचे. ह्या यंत्राचे सामान म्हणजे सायकलची रबरी ट्यूब, दौत, तांब्याची नळी आणि पारा! एवढ्या साध्या जिनसांतून जगभरच्या दवाखान्यांतील यंत्र उभे राहिले. त्याचा पट्टा मात्र अरुंद, सुमारे पाच सेंटिमीटर रुंदीचा होता, आणि त्यामुळे आकडा वाजवीपेक्षा मोठा येई. हा दोष फॉन रेकलिंगहाउझेन ह्याने १९०१ साली दाखविला आणि पट्टा रुंद केला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. लेखाच्या शेवटी तिचे काम पडणार आहे.

त्याच १९०१ साली हार्वे कुशिंग हा अमेरिकन शल्यवैद्य इटलीत पाव्हियाच्या इस्पितळात आला होता. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याचा दाब घेत राहण्याची तेथील पद्धत पाहून तो हे साधन बाल्टिमोरला घेऊन गेला. पण स्वागत कसे झाले पाहा. हार्वर्डच्या एका समितीने ह्या यंत्राचा विचार करून कौल दिला की, जाणत्या डॉक्टराचे बोटच अधिक मोलाचे आहे. इंग्लंडातील वैद्यकीय नियतकालिकानेही ह्या यंत्रांनी डॉक्टरांची इंद्रिये दुबळी होतील असा सूर काढला. यंत्राला नाके मुरडणारे केवळ आपल्याकडचे जुने वैद्यच होते असे मानणाऱ्यांनी हा दाखला लक्षात घ्यावा.

आतापर्यंत कळत होता तो वरचा दाब. खालचा दाब सांगणारा मनुष्य रशियात निघाला. निकोलाय कोरोत्कोव्ह हा लष्करी शल्यवैद्य. रशिया-जपान युद्धात जखमी सैनिकांच्या फाटलेल्या धमन्या बांधण्याचे काम त्याच्याकडे होते, आणि एक धमनी बांधली तर हात वाचेल की जाईल हे आधी कसे ओळखावे, ह्या विवंचनेत तो धमनीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकत असे. त्यातून त्यास एक नवल आढळले. मोकळ्या धमनीतून काहीच ऐकू येत नाही. पट्टा पुरता आवळला तरीही काही ऐकू येत नाही. पण हवा हळूहळू सोडीत गेले की एका ठिकाणी टक्‌टक् सुरू होते, आणि आणखी सोडीत गेले की एका ठिकाणी ती मावळते. आवाज सुरू झाला तो वरचा दाब, मावळला तो खालचा. १९०५ साली सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय प्रबोधिनीत त्याने हे सांगितले. त्याचे टिपण एका छापील पानाहूनही लहान होते. पुढे १९२० साली कोरोत्कोव्ह क्षयाने वारला. डॉक्टर आपल्या कोपराच्या लवणीत स्टेथोस्कोप ठेवून, डोळे पाऱ्याकडे लावून जे ऐकतात, ते आजही 'कोरोत्कोव्हचे ध्वनी' म्हणूनच ओळखले जातात.

आता ह्या आकड्याचे मोल प्रथम कोणी जाणले? आम्हांस सांगावयास गंमत वाटते की, त्यांत विमा कंपन्या आघाडीवर होत्या. अमेरिकेत १९०७ सालापासून एका विमा कंपनीच्या डॉक्टराने विमेदारांचा दाब नोंदविण्यास आरंभ केला आणि काही वर्षांतच हिशेब स्पष्ट झाला : ज्यांचा आकडा मोठा, त्यांचे दावे लवकर येतात. विम्यासाठी डॉक्टरांपुढे बसताना आपल्यापैकी अनेकांच्या दंडास आयुष्यातला पहिला पट्टा बांधला गेला, त्याचे मूळ येथे आहे.

वैद्यकाचे मात्र एकमत नव्हते. वाढता दाब ही वयाबरोबर येणारी आणि शरीरास आवश्यक गोष्ट आहे, ती उतरविण्याच्या भरीस पडू नये, असे नामांकित डॉक्टर सांगत. ह्याची किंमत अमेरिकेच्या अध्यक्षांनी मोजली. फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांचा दाब १९३५ साली १३६ वर ७८ होता. १९४१ साली तो १८८ वर १०५ झाला. १९४४च्या मार्चमध्ये १८६ वर १०८. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राचा प्रमुख, दिमतीस डॉक्टर, यंत्र प्रत्येक वेळी खरी साक्ष देत होते. परंतु साक्ष ऐकून करावयाचे काय, हे कोणास ठाऊक नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला, तेव्हा आकडा ३०० वर १९० होता. त्याच दिवशी ते निवर्तले.

उपायाच्या शोधात मुंबईचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्या तरुण पिढीस ठाऊक असावा. सर्पगंधा ही वनस्पती सह्याद्रीतही आढळते. वैद्यांस ती पूर्वापार माहीत होती. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनी तिच्या दाब उतरविण्याच्या गुणाविषयी लिहिले. परंतु जगाने लक्ष दिले ते मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांच्या लेखाकडे. आपल्या रोग्यांचा दाब औषधाआधी व औषधानंतर मोजून त्यांनी काढलेले निष्कर्ष १९४९ साली ब्रिटनच्या हृद्रोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९५२ साली तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि १९५७ साली डॉ. वकील ह्यांस अमेरिकेचा लॅस्कर पुरस्कार मिळाला. मुळी हजारो वर्षे होती, रोगी होते, वैद्य होते. आकडा सांगणारे यंत्र आले तेव्हाच तिचा गुण जगास पटवून देता आला. उदासपणा आणण्यासारख्या दोषांमुळे हे औषध पुढे मागे पडले आणि त्याहून सौम्य औषधे आली. दाब उतरविल्याने प्राण वाचतात ह्याचा निर्विवाद पुरावा अमेरिकेतील माजी सैनिकांवरील चाचण्यांतून १९६७ व १९७० साली मिळाला. म्हणजे रीव्हा-रोच्चीच्या पट्ट्यानंतर सत्तर वर्षांनी!

आणखी एक उपाय आहे, आणि त्याचा आपल्या ज्ञातीशी जवळचा संबंध आहे. आगर म्हणजे मिठागर. आपले नावच त्यावरून पडले असे मानतात. ठाण्या-पनवेलच्या खाडीकाठी आपल्या पूर्वजांनी खारभूमीत भात पिकविला आणि खारे पाणी कोंडून मीठ काढले. १९०४ साली आंबार व बोझार ह्या दोघा फ्रेंच डॉक्टरांनी मीठ आणि रक्तदाब ह्यांचा संबंध दाखविला. १९४४ साली अमेरिकेत वॉल्टर केम्पनर ह्या डॉक्टराने भयंकर दाब असलेल्या रोग्यांस केवळ भात, फळे आणि साखर ह्यांवर ठेवून, मीठ जवळजवळ वर्ज्य करून, अनेकांचा दाब उतरविल्याचे प्रसिद्ध केले. तो आहार इतका बेचव की पुष्कळ रोगी त्यास कंटाळत. आपल्या दोन वडिलोपार्जित पिकांपैकी एक रोग्याच्या ताटात राहिले आणि दुसरे बाहेर गेले! आमच्या आजोबांच्या पिढीने मीठ कमी खाल्ले असे नव्हे. परंतु ती माणसे दिवसभर उन्हात राबत आणि घामावाटे मीठ जाई. १९७० साली सिडको स्थापन झाली, जमिनी गेल्या, मिठागरे गेली, काम खुर्चीवर आले. ताटातील खारा बांगडा, लोणचे आणि पापड मात्र जागच्या जागी राहिले. दिवसास पाच ग्रॅमहून, म्हणजे लहान चमचाभराहून, कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे.

१९७३ साली वाशीचा खाडीपूल होईपर्यंत मुंबईचे मोठे इस्पितळ गाठणे ही आपल्या गावांस दिवसाची खोटी होती. आज नेरूळमध्येच दोन वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, महापालिकेचे दवाखाने आहेत. अंतर उरले आहे ते मनाचे. गेल्या संमेलनात तपासणीच्या टेबलापुढे स्त्रियांची रांग लांब होती आणि पुरुषांची फार आखूड. पुरुष मंडळी चहापाशी होती. एका साठीच्या गृहस्थांस भावजयीने हाताला धरून आणले. 'मना काय दुखत नाय,' हे त्यांचे एकच म्हणणे. आकडा आला १९०च्या वर. डॉक्टरांनी त्यांस पाच मिनिटे गप्प बसविले, रुंद पट्टा बांधला आणि पुन्हा मोजले. दाब थोडा उतरला, तरी १७०च्या खाली येईना. पुढील आठवड्यात ते रुग्णालयात गेले. आज ते गोळी घेतात, आणि भावजयीवर अद्याप रागावलेले आहेत.

पाऱ्याचे यंत्र ह्यापुढे फारसे दिसणार नाही. जपानातील मिनामाता गावी एका रासायनिक कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा मासळीत उतरला, आणि ती मासळी खाणारी कोळ्यांची कुटुंबेच्या कुटुंबे लुळी-पांगळी झाली. हा रोग १९५६ साली उजेडात आला. खाडीच्या मासळीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांस त्याची भीषणता समजावून सांगावी लागत नाही. त्या गावाच्या नावाने झालेला पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ साली अमलात आला. भारताने त्यास २०१८ साली मान्यता दिली. जुने यंत्र घरात असल्यास फोडू नये, कचऱ्यात वा खाडीत टाकू नये; रुग्णालयास विचारून सोपवावे. विजेवर चालणारी नवी यंत्रे आवाज ऐकत नाहीत. पट्ट्यातील हवेला नाडीमुळे बसणारे बारीक हेलकावे मोजून ती आकडा काढतात. पारा गेला तरी माप मात्र पाऱ्याचेच राहिले आहे.

यंत्र कोणतेही असो, ते बांधणारा हात आणि बसणारा मनुष्य ह्यांवर साक्षीचा खरेपणा अवलंबून असतो. दंड जाड आणि पट्टा लहान असला की रीव्हा-रोच्चीच्या वेळचा दोष आजही उद्भवतो. बाहीवरून पट्टा बांधला, हात लोंबकळत ठेवला, पायावर पाय टाकला, तपासताना गप्पा मारल्या, नुकताच चहा वा तंबाखू घेतली, तर आकडा बिघडतो. एका आकड्यावरून कोणी घाबरू नये, आणि एका चांगल्या आकड्यावरून वर्षभर निर्धास्तही राहू नये.

यंदाच्या संमेलनात तपासणीचे टेबल मंडपाच्या दाराशी, वाजंत्र्यांच्या शेजारी न ठेवता आतल्या खोलीत ठेवावे, तेथे पाठ टेकता येईल अशा खुर्च्या असाव्यात आणि लहान-मोठ्या मापांचे पट्टे आणावेत, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळास केली होती. ती मान्य झाली आहे. प्रत्येकास तारीख व आकडा लिहिलेले कार्ड मिळेल. ते पुढील वर्षी सोबत आणावे. चहाची व्यवस्था त्या खोलीच्या पलीकडच्या दारापाशी करण्यात आली आहे.